पाच मिली पाणी, पाच मायक्रोलिटर थेंब

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस होऊन चार दिवस झाले असतील. करवीर तालुक्यातले एक काका विहिरीचं पाणी घेऊन आमच्या लॅबवर आले. विहीर उसाच्या फडाला लागून, घरचे सगळे तेच पाणी पितात, त्यामुळे तणनाशक उतरलंय का ते बघायचं होतं. पाणी आणलं होतं तणनाशकाच्याच रिकाम्या कॅनमधून. "मॅडम, तीनदा खळखळून धुतलाय बघा कॅन. वासबी येत न्हाई." मी त्यांना चहा पाजला, दोन काचेच्या तपकिरी बाटल्या हातात दिल्या आणि परत पाठवलं.

हसण्यासारखं त्यात काही नाही. आपण ज्या प्रमाणाच्या मागे लागतो ते डोळ्यासमोर उभंच राहत नाही, त्यातली ही गत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, अॅट्राझिन या उसातल्या तणनाशकाची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर त्यात सगळं मिळून २० मिलिग्रॅम, चिमूटभर साखरेपेक्षा कितीतरी कमी. तीनदा धुतलेल्या कॅनच्या झाकणाच्या आट्यांतही तेवढं सहज बसून राहतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात पहिल्या मजल्यावर पाणी तपासायची छोटी लॅब चालवते. पंचगंगेचं, विहिरींचं, बोअरचं पाणी येतं. त्यातलं अॅट्राझिन आणि क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मी सूक्ष्म द्रावक निष्कर्षणाने, म्हणजे थेंबभर द्रावकात ओढून काढते आणि जीसी-एमएसवर, म्हणजे द्रव्यं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजते. ही पद्धत एमएस्सीच्या पोरापोरींना शिकवताना दरवेळी तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. जिच्याकडे जीसी-एमएस, साधा सेंट्रिफ्यूज आणि दहा मायक्रोलिटरची सिरिंज आहे तिला हे जमेल.

लिटरभर पाणी कशाला

जुनी रीत अशी: एक लिटर पाणी विभाजक नरसाळ्यात घ्यायचं, ६०-६० मिली डायक्लोरोमिथेन या द्रावकाने तीनदा हलवायचं, खालचा थर गोळा करायचा, सोडियम सल्फेटवर वाळवायचा आणि आटवून एक मिलीवर आणायचा. लिटरचा मिली झाला, म्हणजे हजारपट घट्ट. त्यातला फक्त एक मायक्रोलिटर जीसीत जातो. उरलेले ९९९ मायक्रोलिटर बाटलीत पडून राहतात आणि १८० मिली डायक्लोरोमिथेन आपल्या नाकातोंडात.

यंत्राला एकच मायक्रोलिटर लागतो, तर पाच मिली पाण्यातलं पाच मायक्रोलिटर द्रावकात आणलं की झालं. तीच हजारपट. सारी गोम एवढीच. पण लिटरच्या रीतीत अर्धा मिली इकडेतिकडे झाला तरी वर द्रावक टाकून माप पुरं करता येतं. इथे एक मायक्रोलिटर सुईच्या टोकाला राहिला की उत्तराचा पाचवा हिस्सा गेला. पद्धत सोपी आहे, माफ मात्र काहीच करत नाही.

लेथ आणि लटकता थेंब

सुरुवात मी एकथेंबी पद्धतीने केली होती. ती १९९६ सालातली. सिरिंजच्या टोकाला द्रावकाचा एक-दोन मायक्रोलिटरचा थेंब, ढवळत्या पाण्यात बुडवून पंधरावीस मिनिटं तसाच लटकवायचा, मग परत सिरिंजमध्ये ओढून थेट जीसीत. खर्च जवळजवळ शून्य. दिसायलाही फार सुंदर. टोल्युइनचा तो मोत्यासारखा थेंब पाण्यात डुलताना बघत बसावंसं वाटतं.

आमच्या खाली लेथचं वर्कशॉप आहे. लेथवर जाड जॉब चढला की माझा ओटा अंगात आल्यासारखा थरथरतो आणि थेंब सुटून वर तरंगायला लागतो. दिवसातून सात-आठ वेळा थेंब गमावल्यावर मी वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी काम करू लागले. मग लक्षात आलं, की नदीचं पाणी गाळलेलं नसेल तर लेथ बंद असूनही थेंब पडतो. गाळाचा कण आपटतो, नाहीतर हवेचा बुडबुडा थेंबाला धरून वर नेतो. तुमची लॅब तळमजल्यावर शांत जागी असेल आणि पाणी नितळ असेल तर एकथेंबी करून बघा. मी तो नाद सोडला.

पोकळ धाग्याचीही पद्धत आहे. पॉलिप्रॉपिलिनच्या सच्छिद्र नळीच्या पोटात द्रावक भरायचं. थेंब पडत नाही, गाळ आत शिरत नाही. चांगली आहे, पण एका नमुन्याला अर्धा-पाऊण तास आणि प्रत्येक वेळी नवा धागा. रोज वीस बाटल्या आल्या तर मला परवडत नाही.

शेवटी स्थिरावले ती विखुरलेल्या थेंबांची पद्धत, जी २००६ मध्ये इराणी संशोधकांनी मांडली. पाण्यात न विरघळणारं जड द्रावक अॅसिटोनमध्ये मिसळून पाण्यात झपकन सोडायचं. अॅसिटोन पाण्यात मिसळून जातो आणि जड द्रावक लाखो बारीक थेंबांत फुटतं. १२ मायक्रोलिटरचा एकच गोळा केला तर त्याचं क्षेत्रफळ २५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. तोच १० मायक्रॉनच्या थेंबांत फोडला तर ७००० चौरस मिलिमीटरच्या वर. म्हणून इथे अर्धा तास वाट बघावी लागत नाही. जे द्रावकात जायचं ते काही सेकंदांत जातं.

बाटली भरण्याआधी

अर्धी लढाई नदीवरच जिंकायची किंवा हरायची असते. बाटली तपकिरी काचेची, झाकणाच्या आत टेफ्लॉनचा थर. डिटर्जंटने धुतली तर नळाखाली इतकी खंगाळायची की फेसाचा मागमूस राहू नये, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी अॅसिटोन, आणि उपडी ठेवून वाळवायची. बिसलरीच्या बाटलीतलं पाणी मी परत पाठवते. क्लोरपायरीफॉससारखी पाण्याला विटलेली द्रव्यं प्लॅस्टिकच्या भिंतीला जाऊन चिकटतात.

काठावरून बाटली बुचकळू नका. घाटावर कपडे धुणं, म्हशी, निर्माल्य सगळं काठालाच असतं. राजाराम बंधाऱ्यावर मी बंधाऱ्याच्या मध्यावर जाऊन, दोरीला बांधलेल्या स्टीलच्या भांड्याने पृष्ठभागाखालचं फूटभर खोलीवरचं पाणी घेते. भांडं आधी तिथल्याच पाण्याने तीनदा विसळते. पण बाटली मात्र नमुन्याच्या पाण्याने विसळत नाही, कारण विसळताना तेलकट द्रव्यं काचेला धरून राहतात आणि मग आकडा वाढून येतो. बाटली काठोकाठ भरायची, वर हवा ठेवायची नाही.

नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतो, आणि क्लोरीन क्लोरपायरीफॉसचं रूपच बदलून टाकतो: त्यातलं गंधक जाऊन ऑक्सिजन येतो. आपण मूळ द्रव्य शोधत बसतो आणि ते तिथे नसतंच. म्हणून नळाच्या बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेटची चिमूट टाकून ठेवते, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या हिशेबाने.

बाटल्या बर्फाच्या पेटीतून आणायच्या, फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवायच्या, आठवडाभरात निष्कर्षण उरकायचं. पाणी आम्लारीधर्मी, म्हणजे अल्कलाइन असेल तर तेवढीही वाट बघू नका. अशा पाण्यात क्लोरपायरीफॉस लवकर फुटतं. माझ्याकडे पीएच ८ च्या वर दिसला की थेंबभर पातळ आम्लाने ६ च्या आसपास आणते.

आणि कधी घ्यायचा नमुना? हे फडाकडे बघून ठरवा. उसाची आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. अॅट्राझिन लागणीनंतर दोनचार दिवसांत, तण उगवायच्या आधी मारतात. त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस पडून ओढे वाहायला लागले की नदीकडे निघायचं. मे महिन्यात शांत पाणी घेऊन "काही सापडलं नाही" म्हणणं म्हणजे यात्रा संपल्यावर जोतिबाला जाऊन गर्दी मोजण्यासारखं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. ग्लायफोसेट या रीतीने कधीच मिळणार नाही. ते पाण्यातच इतकं रमतं की कुठल्या तेलकट द्रावकात यायला तयार होत नाही. २,४-डी आम्ल असल्याने त्यालाही वेगळी तयारी लागते. गिऱ्हाईक "सगळी तणनाशकं तपासा" म्हणालं तर हे आधी स्पष्ट बोला.

आता निष्कर्षण

पावसाळ्यातलं पंचगंगेचं पाणी चहासारखं असतं. ते काचेच्या तंतूंच्या फिल्टरमधून गाळायचं. नायलॉनचा फिल्टर नको, तो कीटकनाशकही गाळून घेतो. गाळाला चिकटलेलं क्लोरपायरीफॉस फिल्टरवरच राहतं हे लक्षात ठेवा. म्हणून माझ्या अहवालात "विरघळलेलं" हा शब्द असतो. गाळातलं वेगळं मोजावं लागतं आणि त्याची रीतही वेगळी.

टोकदार बुडाची १० मिलीची काचेची सेंट्रिफ्यूज नळी घ्या. काचेचीच. आपलं जड द्रावक म्हणजे क्लोरोबेंझीन, आणि ते पॉलिस्टायरीनची नळी बघता बघता मऊ करून टाकतं. नळीत ५ मिली पाणी. त्यात इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे ठरावीक मात्रेत घालायचं तुलनेचं द्रव्य: मी ट्रायफेनिल फॉस्फेट वापरते, अॅसिटोनमधलं लिटरला १ मिलिग्रॅमचं द्रावण, १० मायक्रोलिटर. हा आपला पंच. तो आपल्या द्रव्यांच्याच वाटेने जातो, त्यामुळे थेंबातलं काही सांडलं तरी दोघांचंही सारखंच सांडतं आणि गुणोत्तर शाबूत राहतं. मात्र ट्रायफेनिल फॉस्फेट काही प्लॅस्टिकमध्ये आग रोखायला घालतात, म्हणून ते नदीच्या पाण्यात आधीपासूनच नाही ना, हे एकदा न घालता चालवून बघायचं.

द्रावकाचं मिश्रण नळीगणिक करू नका. दहा मिली अॅसिटोनमध्ये १२० मायक्रोलिटर क्लोरोबेंझीन एकदाच मिसळून ठेवा आणि प्रत्येक नळीला त्यातलं एक मिली द्या. दर वेळी १२ मायक्रोलिटर मोजायला गेलं की दर वेळी नवी चूक होते. हे सगळं फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. क्लोरोबेंझीन अंगावर घ्यायची वस्तू नाही.

दोन मिलीच्या काचेच्या सिरिंजमध्ये हे एक मिली मिश्रण भरा, सुई पाण्याच्या पृष्ठभागाजवळ न्या आणि एका दमात सोडा. भीत भीत थेंब थेंब सोडलं तर द्रावक तळाला गोळा होऊन बसतं, ढग होतच नाही. नीट सोडलं तर पाणी क्षणात पांढुरकं होतं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री पेला विसळताना पाण्यात दूध मिसळतं ना, हुबेहूब तो रंग. हा ढग एकसारखा दिसला पाहिजे. नळीला हळूच दोनचार झोके द्या.

सेंट्रिफ्यूजमध्ये ४००० आरपीएमवर पाच मिनिटं. नळ्या समोरासमोर, सारख्या वजनाच्या, खाली रबराची गादी. गादी न घालता फिरवलेली एक नळी माझ्याकडे आतच फुटली होती. काच वेचायला दुपार गेली आणि क्लोरोबेंझीनचा वास दोन दिवस राहिला.

नळी बाहेर काढलीत की टोकाशी बघा. पाणी परत नितळ झालेलं असतं आणि अगदी बुडाशी, भिंगासारखा, जेमतेम दिसणारा एक थेंब चकाकत असतो. साधारण ५ मायक्रोलिटर. इथे नवखी पोरं घाबरतात: टाकले १२, बाकीचे ७ गेले कुठे? चोरी कुणी केलेली नाही. क्लोरोबेंझीन पाण्यात थोडं विरघळतंच, लिटरला अर्धा ग्रॅमच्या आसपास. पाच मिलीत त्यातले दोनेक मायक्रोलिटर जातात, अॅसिटोन असल्याने त्याहून जास्त, आणि थोडं काचेला. ५ परत आले की समजायचं गणित बरोबर आहे. डिसेंबरच्या सकाळी माझ्या खोलीत पारा २० च्या खाली असतो तेव्हा थेंब जरा मोठा येतो, एप्रिलच्या दुपारी लहान. म्हणून नमुने आणि स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रा घातलेलं पाणी) एकाच दिवशी, एकाच तापमानाला. सकाळी स्टँडर्ड आणि दुपारी नमुने असं मी करत नाही.

आता दहा मायक्रोलिटरची सिरिंज. दांडा पूर्ण खाली दाबून, सुई पाण्यातून सरळ बुडापर्यंत न्या. वरच दांडा ओढला तर पाणी भरेल. टोक काचेला टेकलं की केसभर वर उचला आणि सावकाश ओढा. सिरिंजच्या काचेत द्रावक आणि मागून येणारं पाणी यांच्यात एक वक्र रेष दिसते. द्रावक कुठपर्यंत आहे तो आकडा वहीत लिहा: ४.८, ५.१, जे असेल ते. मग पाणी आणि जास्तीचा भाग बाहेर टाकून १ मायक्रोलिटर जीसीत. आपोआप टोचणाऱ्या ऑटोसॅम्पलरचा मोह होतो, पण पाच मायक्रोलिटरपर्यंत त्याची सुई पोहोचेल असा निमुळता इन्सर्ट तुमच्याकडे नसेल तर हातानेच टोचा.

मिठाची गंमत

अॅट्राझिन क्लोरपायरीफॉसएवढं तेलकट नाही, त्यामुळे ते थेंबात कमी येतं. मीठ घातलं की पाण्यात त्याला थारा कमी मिळतो आणि ते द्रावकाकडे सरकतं. मी ५ मिलीत पाव ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घालते. त्याहून जास्त घातलं तर द्रावकही पाण्यात कमी विरघळतं, थेंब मोठा होतो आणि आतलं द्रव्य पातळ होतं, म्हणजे एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने गेलं.

आमच्याकडे शिकायला आलेल्या एका पोरीने "मीठ चांगलं तर मग भरपूर घालू" म्हणून विरघळेनासं होईपर्यंत मीठ घातलं. सेंट्रिफ्यूज केल्यावर बुडाला काहीच नाही. तिने दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा रडकुंडीला येऊन मला हाक मारली. मी नळी उजेडात धरली, थेंब वर तरंगत होता. क्लोरोबेंझीनची घनता १.११. संपृक्त मिठाचं पाणी १.२ च्या घरात, आणि मध्ये अॅसिटोन असूनही ते क्लोरोबेंझीनपेक्षा जडच राहिलं. तिला हे आता आयुष्यभर लक्षात राहील, मलाही शिकवायला एक गोष्ट मिळाली.

ढग बसत नाही तेव्हा

जयंती नाल्याचं पाणी आलं की माझा अर्धा दिवस जातो. शहराचं सांडपाणी, त्यात साबण. साबण थेंबांभोवती कवच करतो आणि थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. सेंट्रिफ्यूजनंतर बुडाला थेंबाऐवजी दुधावरच्या सायीसारखा पांढरा लगदा बसतो. त्यातून सिरिंजने काय ओढणार, आणि ओढलंच तर जीसीच्या लायनरचं, म्हणजे नमुना टोचतो त्या काचनळीचं काय होणार!

अशा वेळी आधी नमुना डिस्टिल्ड पाण्याने निम्म्याने पातळ करते. संवेदनशीलता निम्मी होते, पण थेंब तरी मिळतो. तरी साय राहिली तर नळी बर्फात दहा मिनिटं ठेवून पुन्हा फिरवते. त्यानेही नाही झालं तर ही पद्धत त्या पाण्यासाठी नाही असं मान्य करून लिटरच्या जुन्या रीतीकडे जाते. त्यात कमीपणा नाही. साय ओढून काढलेला आकडा देण्यापेक्षा दोन दिवस उशीर बरा.

क्लोरोबेंझीन नकोच असेल तर तरंगणाऱ्या थेंबाचीही पद्धत आहे: १-डोडेकॅनॉल, जे २४ अंशांवर गोठतं. नळी बर्फात ठेवली की वरचा थेंब घट्ट होतो, चमच्याने मणी उचलावा तसा उचलायचा आणि खोलीत ठेवला की वितळतो. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात वितळायला मिनिटही लागत नाही, हिवाळ्यात मात्र हाताच्या उबेत धरावा लागतो. पण डोडेकॅनॉल जीसीत उशिरा येतं आणि अधल्यामधल्या शिखरांवर बसतं, म्हणून मी ते क्वचितच वापरते.

जीसी आणि हिशेब

३० मीटरचा, ५ टक्के फेनिलचा नेहमीचा कॉलम, हेलियम मिनिटाला १ मिली, इंजेक्टर २६०, स्प्लिटलेस. ओव्हन ८० पासून वाढवत २८० पर्यंत. क्लोरोबेंझीन निघून जाईपर्यंत एमएसचा फिलामेंट, म्हणजे आयन करणारी तार बंद ठेवायची, नाहीतर त्याचं आयुष्य तुमच्या हातून संपतं. निवडक आयन, म्हणजे द्रव्याच्या तुकड्यांची वस्तुमानं: अॅट्राझिनला २०० आणि २१५, क्लोरपायरीफॉसला १९७ आणि ३१४, ट्रायफेनिल फॉस्फेटला ३२६. एकाच आयनवर विश्वास ठेवू नका. दोघांचं गुणोत्तर स्टँडर्डशी जुळलं आणि वेळही जुळली तरच नाव घ्यायचं. कुणी ईसीडी हा क्लोरीन टिपणारा डिटेक्टर वापरायचं म्हणेल, तर क्लोरीनवाल्या द्रावकाने तो डिटेक्टर बुजून जातो.

स्टँडर्ड अॅसिटोनमध्ये करून थेट टोचलं तर ते सोपं जातं आणि चुकतं. स्टँडर्डही पाण्यातूनच यायला हवं. ज्या विहिरीत काही नाही असं आधी तपासून ठेवलेलं पाणी घ्या, त्यात ठरावीक मात्रा मिसळा आणि नमुन्याच्याच वाटेने, ढग, सेंट्रिफ्यूज, थेंब, सगळं करून टोचा. मी लिटरला ०.१ पासून ५ मायक्रोग्रॅमपर्यंत पाच टप्पे करते. ०.१ का, तर युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाला तीच मर्यादा आहे. आपल्याकडे क्लोरपायरीफॉसला ३० चालतं, तेव्हा आपल्या मानकाला जपून ही पद्धत भरपूर पुरते.

पद्धत किती खेचते ते असं काढा. समजा ५ मिली पाण्यात १० नॅनोग्रॅम क्लोरपायरीफॉस घातलं, म्हणजे लिटरला २ मायक्रोग्रॅम. थेंब आला ५ मायक्रोलिटरचा आणि त्यात मायक्रोलिटरला १.७ नॅनोग्रॅम मिळालं. पाचाने गुणलं की ८.५. घातले १०, मिळाले ८.५, प्राप्ती ८५ टक्के आणि घट्टपणा ८५० पट. थेंबाचं माप वहीत लिहिलं नसेल तर हा हिशेब मांडताच येणार नाही, म्हणून मघाशी तो आकडा लिहायला लावला. ७० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेलं की त्या दिवसाचे नमुने मी पुन्हा करते.

कोऱ्या पाण्यातलं क्लोरपायरीफॉस

दर दहा नमुन्यांमागे एक कोरी नळी (काहीच नसलेल्या पाण्याची), एक मात्रा घातलेली, आणि एक नमुना दोनदा. कोऱ्या नळीचा लोकांना कंटाळा येतो. मलाही यायचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी माझ्या कोऱ्या पाण्यात क्लोरपायरीफॉस दिसू लागलं. थोडंसंच, ०.२ च्या आसपास. आधी सिरिंजवर संशय घेतला, नवी आणली. अॅसिटोन बदलला. क्लोरोबेंझीनची नवी बाटली फोडली. डिस्टिल्ड पाणी दुसऱ्या लॅबमधून आणलं. तरी तेच. तीन आठवडे एकही अहवाल दिला नाही, गिऱ्हाईकं वैतागली. शेवटी एका सकाळी जिना चढताना औषधाचा उग्र वास आला. खालच्या दुकानात फर्निचरला वाळवी लागली म्हणून मालकांनी औषध मारून घेतलं होतं, आणि उरलेलं दर आठवड्याला कोपऱ्याकोपऱ्यांत मारत होते. औषध क्लोरपायरीफॉसचंच. हवेतून माझ्या उघड्या काचभांड्यांवर येऊन बसत होतं.

तेव्हापासून धुतलेल्या नळ्या अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, बंद कपाटात. खिडकी निष्कर्षण चालू असेपर्यंत बंद. मालकांना मी भांडले नाही, औषध मारायच्या आधी एक दिवस निरोप द्यायला सांगितलं आणि ते देतात. पण त्या तीन आठवड्यांत कोरी नळी चालवलीच नसती तर करवीर तालुक्यातल्या निम्म्या विहिरींत मी क्लोरपायरीफॉस सापडवलं असतं.

अहवालात मी ०.१ च्या खालचं "नाही" असं लिहीत नाही, "०.१ पेक्षा कमी" लिहिते. काकांच्या विहिरीचा अहवाल तसाच गेला. त्यांनी फोन करून विचारलं, "मॅडम, म्हंजे हाय का न्हाई?" मी म्हटलं, "असलं तरी माझ्या यंत्राला दिसत नाही एवढं कमी आहे, आणि सरकारी मर्यादेच्या विसाव्या हिश्शाच्याही खाली." "मग पितो," म्हणाले. मी म्हटलं, प्या, पण आडसालीची लागण झाल्यावर, पहिल्या पावसानंतर परत एक बाटली आणा. माझी बाटली.

काम संपलं की उरलेलं पाणी आणि द्रावक बेसिनमध्ये ओतायचं नाही. क्लोरीनवाल्या कचऱ्याची वेगळी बाटली असते, तिच्यात. सिरिंज अॅसिटोनने वीसदा भरून-रिकामी करायची. दांडा पूर्ण बाहेर काढून पुसायचा मोह टाळा. तो एकदा वाकला की दहा मायक्रोलिटरची सिरिंज कायमची नऊची होते, आणि कोणते नऊ ते ती सांगत नाही.